भीतीचं तिकीट

चीनच्या हुनान प्रांतात झांगजियाजियेची दरी ओलांडणारा काचेचा पूल आहे. त्यावर पाऊल ठेवण्याआधी बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात, काचेवर ओरखडे नकोत म्हणून. सेल्फी स्टिक, उंच टाचांच्या चपला, सगळं बाहेर. एवढं सोवळं पाळून माणसं आत येतात आणि करतात काय, तर काच टाळतात! दोन काचांमधल्या पोलादी पट्टीवर पावलं जुळवत, कठडा धरून कडेकडेने सरकतात. आमच्या पुढे डोंबिवलीची मंडळी होती. त्यातल्या एका काकूंनी "मी नाही बाई खाली बघणार" म्हणत मिस्टरांचा शर्ट मागून घट्ट धरला होता. त्यांची नात मात्र भर पुलावर काचेवर पालथी पडून तीनशे मीटर खालची झाडं न्याहाळत होती.

काकूंना हसण्यात अर्थ नाही. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेचं टेबल. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. रांगती बाळं उथळ बाजूने आईकडे धावली. खोल बाजूने आईने कितीही बोलावलं तरी बहुतेकांनी पाऊल टाकलं नाही. हाताला काच लागते, पण डोळे ऐकत नाहीत.

मग नात कशी पडून राहिली? त्याचं उत्तर १९८५ साली आलं. अशाच टेबलावर, जरा कमी खोलीवर, वर्षाची बाळं ठेवली. समोर आई हसत असेल तर बरीच बाळं पलीकडे गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली तेव्हा एकही गेलं नाही. नातीचे आईबाबा तिचे फोटो काढत हसत होते, विषय संपला.

मला वाटतं, काचेच्या पुलांचा सगळा धंदा या हसऱ्या चेहऱ्यावर चालतो. आपल्याला काचेचं गणित थोडंच कळतं? तीन थरांची काच, मध्ये चिकट प्लास्टिकचा पापुद्रा, एक थर फुटला तरी तुकडे जागेवरच राहतात, हे खरंच आहे. पण झांगजियाजियेवाल्यांनी २०१६ साली पूल उघडण्याआधी गणित दाखवलं नाही. लोकांच्या हाती घण देऊन काच फोडायला लावली आणि तडकलेल्या काचेवरून माणसांनी भरलेली गाडी नेली. जाहिरात म्हणून झकासच.

आणि मग २० ऑगस्टला उघडलेला पूल तेरा दिवसांत बंद करावा लागला. काचेला काहीच झालं नव्हतं. दिवसाला आठ हजार माणसांची सोय होती, येऊ पाहणारे ऐंशी हजार! चीनमध्ये नंतर या पुलांचं पेवच फुटलं. हबेई प्रांतात एका ठिकाणी तर भीती कमी पडते म्हणून पावलाखाली खोट्या भेगा उमटवण्याची सोय केली. त्याच प्रांताने पुढे सुरक्षेच्या कारणावरून काचेची बत्तीस आकर्षणं बंद केली. २०२१ च्या मे महिन्यात जिलिन प्रांतातल्या लोंगजिंगजवळ वादळी वाऱ्याने पुलाच्या काचाच उडवल्या आणि एक पर्यटक मध्येच अडकून पडला. जीव मुठीत धरून तो कसाबसा बाहेर आला.

आता ही लाट आपल्याकडे आली आहे. वैभववाडी तालुक्यातल्या नापणे धबधब्यावर २०२५ साली काचेचा पूल झाला. लोणावळ्याला लायन्स पॉइंट आणि टायगर पॉइंटवर काचेचा स्कायवॉक करायची योजना सरकारने मंजूर केली आहे, खर्च तीनशे कोटींच्या वर. हौसेला मोल नसतं म्हणतात; तरी माझा विरोध हौसेला नाही. काच बहुधा उत्तमच बसवतील.

पण लोणावळा ज्या मावळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कुंडमळा आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला, चार जण गेले. त्या पुलावर पायाखाली काच नव्हती, कुणाचे पाय लटपटले नसतील. उलट पुलावर इतकी माणसं उभी आहेत म्हणजे पूल भक्कमच असणार, असंच येणाऱ्याला वाटलं असेल. गर्दीचा चेहराही आईसारखाच धीर देतो. फरक एवढाच की आईचं वजन टेबलावर नसतं, गर्दीचं मात्र पुलावरच असतं.

म्हणून लोणावळ्याच्या निविदेत काचेच्या जाडीइतकंच ठळक हेही छापा: एका वेळी पुलावर किती माणसं, ती दारात मोजणार कोण, वाऱ्याचा वेग किती झाला की दार बंद, आणि सुट्टीच्या दिवशी वरून फोन आला तरी ते दार बंद ठेवण्याचा अधिकार कुणाचा. कोणती काच कधी बसवली, कधी तपासली, याचा तक्ता तिकीट खिडकीशेजारी मराठीत लावा. उद्घाटनाच्या फोटोत पुढारी काचेवर उभे राहून हसतीलच. त्याआधी तो तक्ता लागलेला हवा.