भागीचं घोडं इनबॉक्समध्ये

आमच्या अर्धापूर भागात केळीच्या शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या, पॅकहाऊस उभी राहिली, इसापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेली केळी खोक्यात बसून आखाताकडं जाऊ लागली. पत्रव्यवहाराची मात्र तीच गत. कंपनीचा एकच ई-मेल, त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली आणि चौघा-पाचजणांना पाठ. नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला जावं, तर ओटीपी जातो अध्यक्षांच्या मोबाइलवर. अध्यक्ष बागेत, आणि बागेत रेंज नाही.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ आवक-जावकच्या टेबलावर गेला. आता अशाच एका कंपनीचं दप्तर बघतो. तेव्हा जे सांगतोय ते रोजच्या बघण्यातलं आहे.

मागच्या हंगामात एका निर्यातदाराचा मेल आला. कंटेनरसाठी बॉक्स किती देता, भाव काय आणि कोणकोणत्या बागांतला माल आहे त्याची यादी, एवढंच हवं होतं. मेल तिघांनी वाचला. एकानं फोन लावून भाव सांगून टाकला. दुसऱ्यानं मेलवर निराळाच भाव लिहिला, कारण त्यानं आदल्या दिवशीचा बऱ्हाणपूर बाजाराचा भाव धरला होता. यादी पाठवलीच नाही कुणी. तिसऱ्याला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं तुम्हीच दिला असंल जवाब." त्याचंही अगदीच चूक नव्हतं. एकानं मेल उघडला की त्याची ठळक अक्षरं जातात, आणि मागून बघणाऱ्याला वाटतं काम उरकलं. कंटेनर दुसरीकडून भरला गेला. आमचे कापणीला आलेले घड मिळेल त्या भावात ट्रकमध्ये गेले. फाईल कपाटात थांबते, केळी थांबत नाही. भागीचं घोडं किवणानं मरतं म्हणतात, ते हे असं.

असं काही झालं की कुणीतरी सुचवतं, सॉफ्टवेअर घ्या. घ्या की! झोहोचं टीमइनबॉक्स आहे, जीमेलच्या आतच बसणारं हायव्हर आहे. दोन्ही आपल्या देशातल्या माणसांनी बांधलेली आणि कामाची आहेत. पण माणशी दरमहा पैसे भरून त्यात पुन्हा सगळ्यांनी सगळंच वाचायचं ठरवलं, तर बारभाईचा कारभार फक्त महागात पडेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की, आधी कचेरीची जुनी शिस्त आणा, मग पॅकेज आणा. तहसिलात टपाल आलं की बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, त्यावर शिक्का पडायचा, आवक क्रमांक आणि तारीख पडायची, ते कोणत्या संकलनाचं, म्हणजे कोणत्या टेबलाचं, आहे ते ठरायचं. तिथला कारकून आपल्या कार्यविवरण नोंदवहीत ते उतरवून घ्यायचा. आम्ही तिला सरळ वर्कशीट म्हणायचो. आठवड्याला गोषवारा निघायचा. मागील शिल्लक किती, नवी आवक किती, निकाली किती, बाकी किती. कुणाच्या टेबलावर किती तुंबलंय ते साहेबाला एका पानात दिसायचं. कचेरीत दिरंगाई नव्हती असं म्हटलं तर लोक मला हसतील. दिरंगाई इतकी होती की ती रोखायला २००५चा कायदा करावा लागला, आणि कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात लिहावं लागलं. पण दिरंगाई कुणाची, हे सापडायचं. आमच्या कंपनीत तेच सापडत नव्हतं.

आणि गंमत बघा, ही सगळी सोय त्या मेलमध्ये आहेच. गूगल ग्रुप्समध्ये सामायिक इनबॉक्स चालू केला की आलेला मेल एका माणसाच्या नावावर टाकता येतो. पुढं त्यावर 'पूर्ण', 'दुबार', 'कारवाईची गरज नाही' अशी खूण करता येते. शासकीय फाईलला एक टिपणीची बाजू असते, एक पत्रव्यवहाराची. टीम इनबॉक्सच्या पॅकेजमध्येही मेलखाली आपसात टिपणी लिहिता येते, समोरच्या पार्टीला ती दिसत नाही. भावात किती खाली यायचं ते तिथं लिहावं. कचेरीत कागद लावायच्या सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा गठ्ठा असतो, म्हणजे आपण विचारलंय पण समोरून उत्तर यायचंय असे कागद. मेलला 'स्नूझ' करून ठेवलं की नेमक्या तारखेला तो पुन्हा वर येतो. बँकेकडून कागद यायचा असला की मी हेच करतो.

पासवर्डचा घोळ तर फुकटात सुटतो. साध्या जीमेललाही दहापर्यंत माणसं 'डेलिगेट' म्हणून जोडता येतात. ज्यानं त्यानं आपल्याच खात्यातून यायचं. पासवर्ड सांगावा लागत नाही, ओटीपीसाठी बागेत माणूस धाडावा लागत नाही, आणि जोडलेल्या माणसाला पासवर्ड बदलताही येत नाही.

आता आमच्याकडं सकाळी टपाल उघडते ती एकच मुलगी. उत्तरं ती देत नाही, नावं टाकते. भावाचं एकाकडं, कागदपत्रांचं दुसऱ्याकडं, बँक आणि सरकारी प्रकल्पाचं माझ्याकडं. सुरुवातीला संचालकांपैकी काहींना हे रुचलं नाही. "कंपनी आमची, अन् मेल हिनं वाटायचे?" असा सूर होता. अध्यक्षांना सगळ्या मेलच्या प्रती हव्या होत्या. मी म्हटलं, साहेब, तुम्ही शुक्रवारचा गोषवारा बघा, बाकीवर बोट ठेवा. रोजचं टपाल तुम्ही वाचायला लागलात तर टेबलावरचा माणूस काम करायचा थांबतो, कारण त्याला वाटतं साहेबांनी बघितलंय. हा अनुभव मात्र सरकारी नोकरीतला आहे, पुस्तकातला नाही.

काहीजण म्हणतील, आमचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर भागतं. भाव विचारायला, गाडी कुठवर आली बघायला व्हॉट्सअ‍ॅपच बरं, तिथं मेल लिहीत बसणं वेडेपणा. पण निर्यातीला लागणाऱ्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचा फोटो चार महिन्यांनी त्या ढिगातून काढून दाखवा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ज्याच्या फोनवर, त्याची मालकी. मॅनेजर पोरगा नांदेडला चांगली नोकरी लागून गेला, की कंपनीचा दोन वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या खिशातून गेला. त्याला दोष कसा द्यायचा?

राज्याचा स्मार्ट प्रकल्प असो की दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची (एफपीओ) केंद्राची योजना, कंपन्यांच्या लोकांना प्रतवारी, ताळेबंद, बाजारपेठ असं बरंच शिकवलं जातं. त्यातला अर्धा दिवस आवक-जावकला द्यावा. एखाद्या निवृत्त कारकुनाला बोलवावं, चहापाण्यावर येईल. तोवर संचालकांनी घरच्या घरी एक तपासणी करावी. जीएसटीवर, बँकेत आणि कंपनी निबंधकाकडं आपल्या कंपनीचा म्हणून जो ई-मेल नोंदवलाय, तो नेमका कुणाचा आहे ते बघावं. कुठं तो सीएच्या पोराचा निघेल, कुठं सोडून गेलेल्या सीईओचा. आणि नोटीस यायची ती तिथंच येणार.