घरच्या खाणीला इंटरनेट किती लागते?

अल मन्सूरातल्या आपल्या तरुण मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घरी बिटकॉइनचे माईनिंग करायचे तर इंटरनेट किती वेगाचे घ्यावे? उत्तर सोपे आहे: घरात आहे तेच पुरते. पण आमच्या मते हा पहिला प्रश्नच नव्हे.

माईनिंग म्हणजे डाउनलोड नव्हे. यंत्र चोवीस तास आकडेमोड करीत बसते. बाहेरून त्याला येते ती कामाची चिठ्ठी, आणि परत जाते तीही चिठ्ठीच. ज्या मथळ्यावर ही सारी आकडेमोड चालते तो अवघा 80 बाइटचा, म्हणजे पूर्वीच्या तारेतल्या मजकुराएवढा! मुलांचे एक कार्टून याहून कितीतरी अधिक इंटरनेट खाते. महत्त्व आहे ते विलंबाला. साधारण दर दहा मिनिटांनी नवा ब्लॉक निघतो आणि जुन्या चिठ्ठीवरचे उत्तर बाद होते. म्हणून राऊटरपासून केबल टाकावी, लाईन तुटत नाही ना एवढे पाहावे. स्वतःचा पूर्ण नोड चालवायचा असेल तर गोष्ट निराळी, कारण 2025 साली ती सगळी वही 600 जीबीच्या पुढे गेली होती. पण पूलमध्ये सामील होणाऱ्याला तिची गरज नसते. तेव्हा माईनिंगसाठी महागडा प्लॅन घेऊ नये.

आता विजेकडे वळू. अँटमायनर एस-21 हे यंत्र सुमारे 3500 वॅट घेते. दिवसाला 84 युनिट, महिन्याला अडीच हजार! आपल्या घरातले नेहमीचे तीन पिनांचे सॉकेट 13 अँपिअरचे. 240 व्होल्टला ते 3120 वॅटपर्यंतच झेपते. म्हणजे स्वतंत्र सर्किट हवे, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाला न विचारता वायरिंगला हात लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय ते सारे 3500 वॅट उष्णता होऊन खोलीतच उतरतात. ऑगस्टमध्ये एसीने ती बाहेर टाकायची, तीही आपल्याच बिलावर. आवाज 75 डेसिबलच्या आसपास, रात्रंदिवस. घरात तान्हे मूल किंवा रात्रपाळी करून झोपणारा माणूस असेल तर विचारूच नका.

मिळकत किती? 2025 सालच्या जाळ्याच्या ताकदीशी ताडून पाहिले तर असे एक यंत्र एकट्याने चालवल्यास एक ब्लॉक मिळायला सरासरी नव्वदहून अधिक वर्षे लागतील. पूलमध्ये रोज थोडे थोडे हाती येते, पण तेही 2024 च्या एप्रिलात निम्मे झाले. ग्राफिक्स कार्डावर इथेरियम काढण्याचा मार्ग तर सप्टेंबर 2022 मध्येच बंद झाला.

शेजारच्या कुवेतने 2025 च्या एप्रिलात वफ्रा भागातल्या घरगुती खाणींवर छापे घातले. काही घरांचा वीजवापर नेहमीच्या वीस पट होता, आणि कारवाईनंतर त्या भागाचा वापर निम्म्याहून खाली आला. म्हणजे अशी खाण लपून राहत नाही, मीटर बोलतो. आपल्याकडे कतार सेंट्रल बँकेने 2018 मध्येच बँकांना बिटकॉइनच्या व्यवहारांपासून दूर ठेवले. 2024 च्या डिजिटल मालमत्तेच्या नियमांतही क्रिप्टो वगळलेच आहे. मग मिळालेले नाणे रियालमध्ये आणणार कसे? भारतात विकल्यास 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि वीज वा यंत्राचा खर्च त्यातून वजा मिळत नाही. गावी घर बांधायला जमवलेल्या पैशांचा हा विनियोग आम्हांला तरी पटत नाही.

आणि कोणी म्हणाले, ‘यंत्र आमच्याकडे, वीज आमची, तुम्ही फक्त पैसे द्या,’ तर पुण्याचे गेनबिटकॉइन प्रकरण आठवावे. माईनिंगच्या नावाखाली दरमहा 10 टक्के, अठरा महिने, असे ते आमिष होते. सूत्रधार अमित भारद्वाज याला 2018 मध्ये अटक झाली, 2022 मध्ये तो वारला, आणि प्रकरण पुढे सीबीआयकडे गेले. तिथे ना इंटरनेट लागत होते, ना सॉकेट. तेव्हा असा कोणी आला तर आधी यंत्राचा वीजमीटर कुठे आहे ते विचारावे, आणि तो प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रियालही काढून देऊ नये.