बाळाच्या वतीनं

म्हैसूरच्या राजघराण्यातल्या तीन स्त्रियांचं एक तैलचित्र आहे. थॉमस हिकी या चित्रकारानं ते १८०५ च्या सुमारास काढलं. त्यातली तरुण राणी पदर किंचित सारून दंड दाखवते आहे. लोकांच्या मनातली देवीच्या लसीची भीती घालवण्यासाठी हे चित्र काढलं असावं, आणि ती राणी म्हणजे देवजम्मणी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. देवजम्मणी तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. लस टोचून घेतेस का, असं तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण देवी कुणासाठी थांबत नव्हत्या. पोरगी मोठी होईपर्यंत वाट पाहणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

आज त्याच म्हैसूरची मुलं-मुली नोकरीसाठी अमेरिकेत असतात आणि तिथल्या मराठी घरांतल्या आज्या लेकीच्या बाळंतपणाला विमानानं जातात. मुलगा झाला, की तिकडच्या बऱ्याच इस्पितळांत एक कागद सहीसाठी पुढे येतो: बाळाची सुंता करायची का? आजी चमकतात. जावई म्हणतो, "इथं खूप जण करतात हो आई. उद्या शाळेत वेगळा पडायला नको." लेक थकलेली, ती म्हणते, "आई, तूच सांग काय ते."

खरं तर सांगण्यासारखं बरंच आहे. मुसलमान आणि ज्यू घरांत सुंता हा श्रद्धेचा भाग आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी ही खूण पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिथे प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. निदान अनुभवी हात, स्वच्छता आणि वेदनाशामक यांचा आग्रह कुणीही धरावा. अमेरिकेत मात्र ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांनी रुजवली. तेव्हा सांगितलेली कारणं आज वाचली तर हसू येईल. पुढे कारणं गळून गेली, सवय उरली.

१९४९ साली डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं दाखवून दिलं, की जन्मतः ही त्वचा आतून चिकटलेलीच असते आणि बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप सुटते. म्हणजे ज्याला दोष समजून कापत होते, तो दोष नव्हताच! ब्रिटनमध्ये ही प्रथा त्यानंतर झपाट्यानं ओसरली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये म्हटलं, की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट सगळ्या बाळांना शिफारस करावी इतके नाहीत, आईवडिलांनी ठरवावं. एड्‌सचा फैलाव मोठा असलेल्या आफ्रिकी देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये पुरुषांच्या सुंतेची शिफारस केली, हेही खरं. पण तो धोका शरीरसंबंधांतून येणारा. पाळण्यातल्या बाळाला त्याची घाई कसली? मोठा झाल्यावर तो स्वतः ठरवू शकतो.

इथेच देवजम्मणीचा दंड आठवतो. आईबापांना बाळाच्या वतीनं होकार द्यावाच लागतो. पोलिओचा डोस काही बाळाला विचारून देत नाहीत. पण थांबल्यानं काही बिघडत नसेल, आणि गेलेलं परत येणार नसेल, तर केवळ "सगळे करतात" म्हणून सही करणं बरोबर नाही. सही न करणं हाही निर्णयच आहे, आणि त्यासाठी कुणाची माफी मागावी लागत नाही.

सही केली नाही, तर आजींनी एवढंच पाहावं: अंघोळ घालताना त्वचा जोरानं मागे ओढू नये. आपल्याकडे काही बायका तसं करतात. त्यानं इजा होते. वरून साधं पाणी पुरे. लघवीला त्रास, वारंवार जंतुसंसर्ग किंवा सूज दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. उपचार म्हणून शस्त्रक्रिया लागलीच, तर ती गोष्ट निराळी.

हे सगळं ऐकून जावई एखादे वेळी विचारतो, "मग बाराव्या दिवशी कान टोचायचे, ते बाळाला विचारून का?"

आजी गप्प होतात. भोक बुजतं, कापलेली त्वचा परत येत नाही, हे उत्तर त्यांच्याकडे असतं. पण म्हैसूरच्या सोनाराकडून करून आणलेल्या सोन्याच्या दोन बारीक तारा पिशवीच्या तळाशी असतात, आणि त्या बाहेर काढाव्यात की नाही हे त्यांचं अजून ठरत नाही.