रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे नव्हे!

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे रोगाचे निदान रुग्ण स्वतःच करून मोकळा होतो. ‘उष्णता झाली’ किंवा ‘मूळव्याध आहे’. मग ताक, सुरण, कुणी सुचविलेले चूर्ण आणि पाटीवरचा ‘खात्रीचा इलाज’ यांत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. पुष्कळांना मूळव्याधच असते हे खरे. पण काहींच्या मोठ्या आतड्यात पॉलिप असतात. त्यांना हा उशीर फार महागात पडतो.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतील अस्तरावर उगवलेले मांसाचे कोंब. ते सहसा दुखत नाहीत, म्हणून लक्षात येत नाहीत. सगळेच पॉलिप घातक नसतात. परंतु ‘ॲडिनोमा’ जातीच्या पॉलिपचे काही वर्षांनी कर्करोगात रूपांतर होऊ शकते. एक-दोन पॉलिप असल्यास दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने काढता येतात, पोट उघडावे लागत नाही. काढलेला कोंब मात्र तपासणीसाठी पाठविलाच पाहिजे.

काही घराण्यांत हे पॉलिप शेकड्यांनी, हजारांनी उगवतात. हा आनुवंशिक विकार आहे. त्याला कारणीभूत असलेले ‘एपीसी’ जनुक १९९१ साली सापडले. आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असल्यास प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी असते. पॉलिप बहुधा कुमारवयातच दिसू लागतात आणि उपचार न केल्यास साधारण चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ अटळ असतो. इतके कोंब एकेक करून काढणे शक्य नसते. वेळीच शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढावे लागते. लहान आतडे खाली जोडता येत असल्याने बहुतेकांना पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही. त्यानंतरही दुर्बिणीची नियमित तपासणी चुकवून चालत नाही.

आमचे म्हणणे इतकेच, की अशा वेळी एक रुग्ण नव्हे, तर सारे कुटुंब तपासले पाहिजे. भावंडांची तपासणी व्हावी, मुलांची दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू व्हावी. पण इथेच घोडे अडते. ‘मुलीची सोयरीक अडेल’, ‘लोक काय म्हणतील’, या धास्तीने घरातला आजार भावकीलाही कळू दिला जात नाही. काका ऐन उमेदीत ‘पोटाच्या आजाराने’ गेले, एवढेच पुतण्याला ठाऊक असते! लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात अशा घराण्यांची नोंद १९२४ पासून ठेवली जाते. निदान आपल्या घरापुरती तरी ती आपण ठेवायला काय हरकत आहे?

म्हणून रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, विनाकारण पांडुरोग झाला असेल, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि विचारले नाही तरी घरातला आजार सांगा. लपविल्याने सोयरीक टिकेल, माणूस टिकणार नाही.