काम असेल तरच बोलावू
विद्यार्थी स्वयंसेवकांना बोलावणाऱ्या संस्थांचा जाहीरनामा

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कॉलेजांतली मुलंमुली वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत, वारीच्या वाटेवर, विसर्जन घाटांवरच्या निर्माल्याच्या कुंडांपाशी राबत आली आहेत. त्यांनी कसं वागावं याचे नियम ठरलेले आहेत : दोन वर्षांत २४० तास, दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, डायरी, हजेरी. त्यांना बोलावणाऱ्या संस्थांनी कसं वागावं, हे आम्ही, म्हणजे अशाच काही लहान-मोठ्या संस्था, आता स्वतःहून बांधून घेत आहोत.

काम असेल तरच बोलावू. रविवारी सकाळी साठ जण उतरतात, काम बारांचं असतं. उरलेले बॅनर धरतात, फोटो निघतो, वडापाव वाटला जातो आणि वहीत चार तास चढतात. यात कुणी कुणाला फसवलं असं कुणालाच वाटत नाही, म्हणून तर हे इतकी वर्षं चाललं आहे. यापुढे कॉलेजनं साठ जण पाठवतो म्हटलं आणि आमच्याकडे बारांचं काम असलं, तर आम्ही बाराच मागू. कार्यक्रम अधिकारी नाराज झाले तरी चालेल.

कामाला त्याची वेळ असते, हेही आम्हीच कॉलेजला सांगायला हवं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालायचा, तर पावसाळा सरल्यावर ओढा वाहता असतानाच. हिवाळी शिबिर परीक्षेनंतर, डिसेंबर-जानेवारीत येतं. तोवर बऱ्याच गावांत ओढ्याला पाणी उरलेलं नसतं. कोरड्या पात्रात बंधारा घालून घेणं हा पोरांच्या घामाचा अपमान आहे. अशा वेळी पाणंद दुरुस्त करावी, शोषखड्डे खणावेत, विहिरींची नोंद करावी. झाडांचंही तसंच. जुलैत खड्डे खणायला सगळे असतात. एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेत, पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय आम्ही रोपं आणणार नाही.

प्रत्येक गटामागे संस्थेचा एक माणूस असेल आणि त्या दिवशी तेच त्याचं काम असेल. पहिल्याच दिवशी तो मुलांना सांगेल : इथे काय चालतं, का चालतं, इथली माणसं कोण आहेत, कशाला हात लावायचा नाही. त्यांनी विचारलेले अडचणीचे प्रश्नही ऐकून घेईल. विद्यार्थी वेगळ्या डोळ्यांनी बघतात. हिशेबाच्या वह्यांबद्दल विचारतात, म्हातारे आजोबा नेहमी कोपऱ्यातच का बसतात हेही विचारतात. ते सोसत नसेल, तर संस्थेनं मजूर लावावेत.

जाण्यायेण्याचं एसटीभाडं आणि जेवण संस्था देईल. ‘सेवाच आहे, पैसे कसले’ हे वाक्य बोलणाऱ्याचा महिन्याचा पगार बहुधा वेळेवर होत असतो. भाडं दिलं नाही, तर पुढच्या खेपेला ज्यांच्याकडे बाइक आहे तेच येतात आणि खेड्यातून येणारी मुलगी काही न बोलता यायची थांबते.

आता सुरक्षेबद्दल. इथे आम्हाला सबबी ऐकायच्या नाहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विनावेतन, स्वेच्छेनं काम करणाऱ्या व्यक्तीलाही कर्मचारी मानतो. म्हणजे आपल्या अंतर्गत समितीची दारं स्वयंसेवक मुलीला उघडी आहेत, आणि हे तिला पहिल्या दिवशी, समितीतल्या व्यक्तींच्या नावांसह, सांगितलं गेलं पाहिजे. दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावावा. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात; २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या लेखी ती बालकंच. त्यांना रात्री एकट्यानं कुठे पाठवायचं नाही, कुणा मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत बसवायचं नाही. ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखेच’ हे उत्तर आम्ही मान्य करत नाही. शिबिरात मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल, तर शिबिर दुसऱ्या गावात घ्यावं.

ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांचंही ऐकायला हवं. वस्तीतल्या मुलांना शिकवायला कॉलेजचा दादा येतो, तीन आठवडे येतो, मग येत नाही. मुलं दारात वाट पाहतात, मग तीही यायची बंद होतात. म्हणून शिकवण्याच्या कामाला किमान एक पूर्ण सत्र देणारेच घेऊ. शेवटचा दिवस मुलांना आधी सांगू आणि त्या दादाच्या वर्गाची वही पुढच्याच्या हाती देऊ. आणि मुलांचे चेहरे कुणाच्याही स्टेटसवर जाणार नाहीत; संस्थेच्या अहवालातही पालकांना विचारल्याशिवाय नाहीत.

तास खरे लिहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या चौकटीत रासेयोचं काम श्रेयांकांत मोजलं जाऊ लागल्यापासून कोऱ्या वहीवर सही-शिक्का मागणाऱ्यांची गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कोऱ्या कागदावर आमची सही मिळणार नाही, ट्रस्टींचा पुतण्या असला तरी. प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट कार्य’ असं सरसकट छापण्याऐवजी काय काम केलं ते दोन ओळींत लिहू. त्या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर काम दिलंच नव्हतं असं समजायचं.

या चळवळीत यायला वर्गणी नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. नावही अजून नाही. ते जमेल तेव्हा ठेवू. संस्थेनं हा कागद कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावा आणि त्याखाली संस्थेच्या प्रमुखानं सही करावी. खाली जागा कोरी ठेवावी. कुठला शब्द पाळला गेला नाही, हे विद्यार्थ्यांनी तिथे लिहायचं आणि पुढच्या विश्वस्त बैठकीत ते मोठ्यानं वाचायचं. जी संस्था तो कागद उतरवून ठेवेल, तिच्याकडे आम्ही आमच्या ओळखीच्या कॉलेजांतली मुलं पाठवणार नाही, आणि का पाठवत नाही ते कॉलेजला लेखी कळवू.