रियाजाचा हेडफोन

इलेक्ट्रिक गिटार हे गोंगाटाचे वाद्य आहे, हा आपल्याकडचा समज अर्धाच खरा आहे. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीजवळ असे काहीच नसते. तार छेडली की पिकअपमधल्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा ध्वनी दुसरीकडे कुठेतरी होतो. कुठे व्हावा, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे. माझ्यापुरता हा प्रश्न रात्री दहानंतरचा आहे. मुलाने वसतिगृहात जाताना मागे ठेवलेली गिटार मी तीन वर्षांपूर्वी हाती घेतली. दिवसा महाविद्यालय, संध्याकाळी उत्तरपत्रिका. उरते ती रात्र. पलीकडच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात. म्हणून हेडफोन. वस्तू किरकोळ आहे; पण ती निवडताना रियाज म्हणजे काय याविषयीच्या आपल्या कल्पना उघड्या पडतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानात आणि ओळखीच्या वादकांकडून मला एकच सल्ला मिळाला. कान पूर्ण झाकणारा, पाठ बंद असलेला, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन घ्या. ऐपत असेल तर बाहेरचा आवाज पुसून टाकणारा, नॉइज कॅन्सलिंग. जग बाहेर, तुम्ही आत. एका सहकाऱ्याचा असा हेडफोन मी आठवडाभर वापरून पाहिला. चौथ्या की पाचव्या रात्री एक अवघड जागा घोटत असताना सहज मान वळवली, तर सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. त्यांना पाणी हवे होते. हाका मारून झाल्या होत्या. शेवटी अंधारात चाचपडत त्या स्वतःच उठल्या होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन परत केला.

यावरचा उपाय जुनाच आहे. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ साली ‘एचडी ४१४’ हा पाठ उघडी असलेला हेडफोन बाजारात आणला. ओपन-बॅक म्हणतात तो प्रकार हाच. मागच्या बाजूला भिंतीऐवजी जाळी असते. ध्वनी कानापाशी कोंडून राहत नाही, आतले थोडे बाहेर जाते आणि बाहेरचे बरेचसे आत येते. आक्षेप ठरलेला आहे: मग शांतता कसली? हा आक्षेप गाणी ऐकणाऱ्याच्या बाबतीत रास्त आहे, गिटार वाजवणाऱ्याच्या बाबतीत तितकासा नाही. अ‍ॅम्पला न जोडताही गिटारीच्या तारा टकटक, किणकिण करतातच. बेताच्या आवाजात वाजवताना जाळीतून झिरपणारा ध्वनी त्या किणकिणीहून फारसा वरचढ ठरत नाही. त्याच खोलीत कोणी झोपले असेल, किंवा खिडकीखाली रात्रभर वाहतूक असेल, तर गोष्ट वेगळी. वाहतुकीवर मात करण्यासाठी माणूस आवाज वाढवत नेतो आणि कान गमावतो. तिथे क्लोज्ड-बॅकच घ्यावा. (आठवड्याला ४० तास ऐकायचे तर पातळी ८० डेसिबलच्या आत ठेवा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन्ही प्रकारांना लागू आहे.)

हेडफोनला नावे ठेवण्यापूर्वी मात्र एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. अ‍ॅम्पचा स्पीकर म्हणजे केवळ आवाज मोठा करणारे यंत्र नव्हे. गिटारीसाठी सर्रास वापरला जाणारा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटूच देत नाही. तो एक प्रकारचा कठोर संपादक आहे. हेडफोन २०,००० हर्ट्झपर्यंतचे सगळे इमानाने ऐकवतो, त्यामुळे डिस्टॉर्शन लावलेली गिटार थेट त्यात सोडली की पत्र्याच्या डब्यात माश्या अडकल्यासारखी ऐकू येते. ‘बॉस्टन’ या बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ मुळात अभियंता. त्याने १९८२ मध्ये ‘रॉकमन’ हे कमरेला अडकवता येणारे उपकरण आणले, त्यात ही काटछाट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेली होती. आज कॅबिनेट सिम्युलेशन या नावाने ती सोय मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्येही मिळते. पैसे मोजके असतील तर आधी तिकडे लक्ष द्यावे, मग हेडफोनच्या किमतीकडे.

ब्लूटूथविषयी दोनच वाक्ये. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये तार छेडल्यापासून ध्वनी कानी पडेपर्यंत २०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीवर उभे राहून सीमारेषेवर ठेवलेल्या अ‍ॅम्पमधून स्वतःला ऐकण्यासारखे आहे. गिटारीसाठीच बनवलेल्या काही बिनतारी यंत्रणा याला अपवाद आहेत, पण साधी वायर स्वस्त आहे आणि ती चार्ज करावी लागत नाही. मोबाइल किंवा छोट्या उपकरणाला जोडायचा असेल तर ३२ ते ८० ओहमचा हेडफोन पुरतो. २५० किंवा ३०० ओहमचा त्यावर पुटपुटतो.

राहिला प्रश्न आवाजाच्या गोडव्याचा. आजचे बहुतेक लोकप्रिय हेडफोन खर्ज फुगवून देतात. तयार संगीत ऐकणाऱ्याला त्यात सुख आहे, हे मी नाकारत नाही. पण वाजवणाऱ्याला त्यात स्वतःचा अर्धवट दाबलेला स्वर, शेजारच्या तारेला झालेला निसटता स्पर्श ऐकू येत नाही; सगळ्यावर मखमल पांघरलेली असते. विद्यार्थ्याच्या पहिल्या कवितेला ‘छान’ म्हणून मोकळे होणाऱ्या प्राध्यापकासारखे हे हेडफोन. (मीही तसे म्हटले आहे, अनेकदा.) ओपन-बॅक प्रकारात अतिखर्ज उणा असतो, ही त्याची त्रुटी सांगितली जाते, परंतु नेहमीच्या मेळात गिटारीची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास असते, त्याखालचे आपल्याला फारसे लागतच नाही.

शेवटी मी घेतला तो साधा, वायरचा, ओपन-बॅक. दार अर्धे उघडे ठेवून वाजवते. पंखा ऐकू येतो, कुकरमध्ये भिजत घातलेले हरभरे विसरल्याची आठवणही मध्येच येते. जुन्या घरांत रियाज सगळ्यांच्या कानांवर पडे. स्वयंपाकघरातून कोणीतरी चुकलेला स्वर दुरुस्त करी. हेडफोनमुळे तो साक्षीदार नाहीसा झाला, असे मी धरून चालले होते. परवा सकाळी चहा घेताना सासूबाईंनी विचारले, “रात्री त्या एकाच जागी किती वेळ अडकली होतीस गं?”