मोहाच्या दारूतलं शिसं

मध्य प्रदेशाने 2022 च्या अबकारी धोरणात मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान दिला. या मानासोबत बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार-नेपानगरच्या गावभट्ट्यांपर्यंत धातूंची तपासणीही पोचली पाहिजे. आंबट वाफ शिशाच्या डाखावरून गेली की शिसं दारूत उतरतं. अमेरिकेत मोटारीच्या रेडिएटरमधून गाळलेल्या चोरट्या दारूने अशी विषबाधा झालेली आहे. दारूतलं शिसं ना चवीला कळतं, ना वासाला; पण ते विजेच्या साह्याने मोजता येतं. कार्बनच्या विद्युतअग्रावर ऋण विभव देऊन शिसं साचवायचं, मग विभव धनाकडे नेत ते विरघळवायचं: प्रवाह कुठे उसळतो यावरून धातू कळतो, किती उसळतो यावरून प्रमाण. लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही हातात मावणाऱ्या यंत्राने मोजता येतात.

मिथेनॉल माणसं मारतं, तिथे शिशाचं काय, असं कुणी विचारील. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, हे खरंच. पण शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि त्याच्या बळींची मोजदाद होत नाही. दारूतले सेंद्रिय पदार्थ अग्रावर बसून मापन बिघडवतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून नमुना आधी आम्लात पचवावा, ज्ञात प्रमाणात शिसं मिसळून पुन्हा मोजावा आणि संशयास्पद नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावेत. मात्र या चाचणीचा उपयोग डाख बदलून देण्यासाठी व्हावा, भट्टीवाल्यावर खटला भरण्यासाठी नव्हे. नाहीतर नमुना द्यायला कुणी पुढेच येणार नाही.